धुलाईयंत्रातील लपलेले दोष : त्यांचा शोध आणि दुरुस्ती

एखादे यंत्र बंद पडले म्हणजे त्यात दोष आहे आणि ते चालत आहे म्हणजे ते निर्दोष आहे, असा सर्वसाधारण समज असतो. या समजुतीचे दोन्ही भाग अपुरे आहेत. बंद पडलेल्या यंत्राचा दोष पुष्कळदा यंत्राबाहेर असतो. उलटपक्षी, सुरळीत चालणाऱ्या यंत्रात प्राणघातक दोष वर्षानुवर्षे दडून राहू शकतो. घरोघरी आढळणारे कपडे धुण्याचे यंत्र हे या दोन्ही गोष्टींचे उत्तम उदाहरण आहे. पाणी, उष्णता, वेगवान गती आणि वीज ही चारही या एकाच पेटीत एकत्र नांदतात. आणि त्यांतील प्रत्येकीच्या वाटेवर दोष लपण्याच्या जागा आहेत.

एक साधा प्रसंग घेऊ. एका घरातील समोरून कपडे घालण्याचे यंत्र सारखे पाणी घेत राहते. अर्धा तास लोटला तरी कपडे फिरू लागत नाहीत. पाणी आत सोडणारी झडप बिघडली असावी असे ठरवून ती बदलली जाते, तरीही तेच. पुढे नियंत्रक पट्टी बदलण्याचा सल्ला मिळतो, आणि तिची किंमत ऐकून नवे यंत्रच घ्यावे काय असा विचार सुरू होतो. शेवटी कोणाच्या तरी लक्षात येते की, न्हाणीघर धुताना सांडपाण्याची नळी भिंतीवरील आकड्यातून निसटून जमिनीवर पडली आहे. नळीचे तोंड पिंपातील पाण्याच्या पातळीखाली गेल्यामुळे आत येणारे पाणी त्याच वेळी बाहेर वाहून जात होते. नळी आधी वर चढून मग खाली उतरत असली, तरी एकदा ती पाण्याने भरली की वक्रनलिकेच्या, म्हणजे सायफनच्या, तत्त्वाने पिंप रिते होत राहते. यंत्रात दोष नव्हताच. नळी पुन्हा आकड्यात अडकवणे एवढीच दुरुस्ती होती.

या प्रसंगातील चूक अज्ञानाची नसून क्रमाची आहे. लक्षण जेथे दिसले, तेथेच कारण असले पाहिजे असे गृहीत धरले गेले. दोष शोधण्याची विद्या या गृहीताला नकार देण्यापासून सुरू होते.

यंत्राची रचना आणि कामाचा क्रम

भारतातील घरांत मुख्यतः तीन प्रकारची धुलाईयंत्रे दिसतात. पहिल्या प्रकारात धुण्याचे आणि पिळण्याचे असे दोन डबे शेजारी शेजारी असतात व कपडे एकातून दुसऱ्यात हाताने टाकावे लागतात. हे अर्धस्वयंचलित यंत्र होय. दुसऱ्या प्रकारात कपडे वरून घालतात, तर तिसऱ्यात समोरच्या काचेच्या दारातून. शेवटच्या दोन प्रकारांत सर्व कामे यंत्र आपोआप करते.

बाह्य रूप निराळे असले तरी कामाचा क्रम एकच असतो. प्रथम पाणी आत येते. किती आले हे मोजले जाते. हवे असल्यास ते तापवले जाते. मोटर पिंपाला किंवा तळाच्या चकतीला फिरवते. पाणी बाहेर टाकले जाते. अखेरीस पिंप वेगाने फिरून कपडे पिळले जातात. यातील कोणतीही पायरी पूर्ण झाल्याची खूण मिळाल्याखेरीज स्वयंचलित यंत्र पुढील पायरीवर जात नाही. म्हणूनच दोषशोधकाचा पहिला प्रश्न ‘काय बिघडले?’ हा नसावा. ‘यंत्र कोणत्या पायरीवर थांबले आणि ते कोणत्या खुणेची वाट पाहत आहे?’ हा असावा. या एका प्रश्नाने शोधाचे क्षेत्र संपूर्ण यंत्रावरून दोन-तीन भागांपुरते आकुंचित होते.

पाण्याच्या वाटेवरील दोष

यंत्र पाणी घेत नाही किंवा फार सावकाश घेते, ही नेहमीची तक्रार. येथे पहिली परीक्षा यंत्राची नव्हे, नळाची करावी. यंत्राची नळी सोडून नळाखाली बादली ठेवावी आणि घड्याळ लावून एका मिनिटात किती लिटर पाणी पडते ते मोजावे. पाण्याचा स्तंभ १० मीटर उंच असेल, तर त्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका होतो. म्हणजे १ मीटर उंचीला जेमतेम एक दशांश वातावरण. गच्चीवरील टाकीच्या लगत खाली राहणाऱ्या कुटुंबाला टाकी जवळ असल्याचे समाधान वाटते. परंतु दाब टाकीच्या जवळिकीवर नसून उंचीवर अवलंबून असतो. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत किमान दाब ०.३ बार सांगितला असेल, तर टाकीतील पाण्याची पातळी झडपेच्या वर निदान ३ मीटर हवी. सर्वांत वरच्या मजल्यावर ती अनेकदा नसते. अशा घरात झडप कितीही वेळा बदलली तरी उपयोग नाही.

दाब अपुरा असल्याचा आणखी एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. या झडपांतील लवचिक पडदा मुख्यतः पाण्याच्याच दाबाने आपल्या जागी घट्ट बसतो. विद्युत्चुंबक केवळ एक बारीक छिद्र उघडतो व मिटतो. दाब फार कमी असेल तर पडदा पुरता बसत नाही, आणि यंत्र बंद असतानाही पाणी ठिबकून पिंपात साचत राहते. सकाळी रिकाम्या यंत्रात पाणी दिसले तर हे कारण आठवावे. पडद्याखाली वाळूचा कण अडकला तरी हेच घडते. झडपेच्या तोंडाशी बारीक जाळी असते. तीत गंज आणि गाळ साठतो. पाण्याचा नळ बंद करून ती जाळी चिमट्याने काढून ब्रशाने धुणे हे कोणालाही जमण्यासारखे काम आहे.

पाणी किती आले हे यंत्र कसे ओळखते, हा भाग विशेष मनोरंजक आहे. पिंपाच्या तळाशी एक लहान कोठी असते. तिच्यातून निघालेली बारीक नळी वर एका पातळ पडद्याच्या स्विचपर्यंत जाते. पाणी चढू लागले की कोठीतील हवा कोंडली जाऊन दाबली जाते, आणि तो दाब पडद्याला ढकलतो. पाणी १० सेंटिमीटर चढले, तर मिळणारा दाब वातावरणाच्या सुमारे शंभराव्या भागाइतकाच असतो. इतक्या अल्प दाबावर सारे मापन चालत असल्यामुळे नळीला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले तरी हिशेब चुकतो. हवा हळूहळू निसटते, पडद्यावरील दाब उतरतो, पाणी कमी असल्याची चुकीची खूण यंत्राला मिळते, आणि ते अधिक पाणी घेते. उलट कोठीचे तोंड साबणाच्या चिकट्याने व कपड्यांच्या तंतूंनी बुजले, तर पाणी निघून गेल्यावरही नळीत दाब कोंडून राहतो. पिंप रिते असताना यंत्र ते भरलेले समजते, कपडे पिळत नाही आणि दारही सोडत नाही.

ही गोष्ट वर्गात सहज दाखवता येते. एका नरसाळ्याच्या निमुळत्या टोकाला पारदर्शक नळी जोडावी. नळीचे दुसरे टोक अंगठ्याने दाबून नरसाळे बादलीतील पाण्यात पालथे बुडवावे. आत फारच थोडे पाणी शिरते. अंगठा काढताच पाणी भराभर चढते. पुन्हा अंगठा लावून नळीला सुईने बारीक छिद्र पाडल्यास पाणी सावकाश चढताना दिसते. धुलाईयंत्रातील हाच दोष डोळ्यांना दिसत नाही. परंतु नळी सोडून घेऊन पाण्यात बुडवून तिच्यातून फुंकल्यास बुडबुडे त्याची जागा दाखवतात.

पाणी बाहेर न जाण्याचे सर्वांत सामान्य कारण पंपापुढील गाळणीत सापडते. नाणी, गुंड्या, केसांच्या पिना आणि मुलांचे पायमोजे तेथे येऊन थांबतात. समोरून कपडे घालण्याच्या बहुतेक यंत्रांत खालच्या कोपऱ्यातील झाकण फिरवून ही गाळणी काढता येते. त्यापूर्वी प्लग काढावा, पाणी गरम असल्यास निवू द्यावे आणि खाली परात ठेवावी.

गतीतील दोष

कपडे पिळताना पिंपाच्या कडेशी निर्माण होणारी प्रेरणा किती मोठी असते याची अनेकांना कल्पना नसते. पिंपाची त्रिज्या २५ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १२०० फेऱ्या असेल, तर कडेवरील प्रवेग गुरुत्वप्रवेगाच्या सुमारे ४०० पट होतो. अर्धा किलोग्रॅम वजनाचा ओला कपडा एकाच बाजूला गोळा झाला, तर तो पिंपाला सुमारे २०० किलोग्रॅम वजनाइतक्या प्रेरणेने बाहेर ओढतो, आणि या ओढीची दिशा सेकंदाला २० वेळा वर्तुळाकार फिरत असते. १९३७ साली अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने घरगुती स्वयंचलित धुलाईयंत्र बाजारात आणले, तेव्हा ते जमिनीला बोल्टांनी जखडावे लागे, ते यामुळेच. आजच्या यंत्रात पिंप स्प्रिंगांवर टांगलेले असते, खाली धक्के शमवणारे दांडे असतात, आणि समोरून कपडे घालण्याच्या यंत्रांत सहसा पिंपाला काँक्रीटचे जड ठोकळेही बांधलेले असतात.

यंत्र हादरते, एवढ्या तक्रारीवरून काहीच ठरत नाही. ते केव्हा हादरते हे पाहावे लागते. स्प्रिंगांवर टांगलेल्या पिंपाला झोपाळ्याप्रमाणे स्वतःची नैसर्गिक कंप्रता असते. वेग वाढताना, साधारणपणे मिनिटाला १०० ते २५० फेऱ्यांच्या दरम्यान, फिरण्याची गती या कंप्रतेशी जुळते व अनुस्पंदन होते. यंत्र पिळणीच्या आरंभी धडधडून पुढे पूर्ण वेगात शांत होत असेल, तर धक्के शमवणारे दांडे थकले आहेत असे समजावे. यंत्र बंद करून रिकामे पिंप हाताने खाली दाबून सोडले, तर निरोगी यंत्रात ते एखाद्याच हेलकाव्यात स्थिर होते; दांडे निकामी असल्यास डोलत राहते. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर मात्र बेअरिंगची असते. येथे मूळ दोष बेअरिंगचा नसून त्यापुढील रबरी कड्याचा असतो. कडे झिजते, पाणी झिरपते, वंगण धुऊन जाते, गंज चढतो, आणि मग आवाज येतो. केवळ बेअरिंग बदलून जुनेच कडे ठेवल्यास तोच आवाज काही महिन्यांत परत येतो. नवे यंत्र पहिल्याच दिवसापासून उड्या मारत असेल, तर वाहतुकीसाठी पिंप जखडणारे बोल्ट काढायचे राहिले आहेत काय, हे आधी पाहावे.

याहून गुप्त असा एक दोष पिंपाच्या पाठीमागे असतो. समोरून कपडे घालण्याच्या यंत्रात आतले पोलादी पिंप अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या तीन भुजांच्या आधारावर बसवलेले असते. धुण्याच्या पावडरीतील अल्कली अॅल्युमिनियमला खाते. शिवाय भिन्न धातूंचा ओलसर संपर्क ही एक प्रकारची विद्युत्घटमालाच असल्याने क्षरण अधिक वेगाने होते. यंत्र वर्षानुवर्षे उत्तम चालते, आणि एके दिवशी भुजा तुटते. पिंप हाताने फिरवताना कड एका बाजूस घासत असेल किंवा पाठीमागे राखी-पांढरी भुकटी दिसत असेल, तर ते यंत्र वेगाने चालवू नये. पावडर सांगितल्यापेक्षा अधिक न घालणे आणि धुणे झाल्यावर दार उघडे ठेवून आतला ओलावा जाऊ देणे, हे यावरील सर्वांत स्वस्त प्रतिबंध होत.

मोटरचा दोषही असाच फसवा असतो. अर्धस्वयंचलित आणि वरून कपडे घालण्याच्या अनेक यंत्रांत प्रवर्तन मोटर असते. इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी १८८८ साली स्वतंत्रपणे जगापुढे मांडलेल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर ती चालते. परंतु घरातील एककला वीज एकटी फिरते क्षेत्र निर्माण करू शकत नाही. त्यासाठी दुसऱ्या वेष्टनात कपॅसिटरमार्फत वेगळ्या कलेचा प्रवाह पाठवावा लागतो. कपॅसिटर जुना झाला की त्याची धारिता घटते. १० मायक्रोफॅरडच्या जागी ६ उरली, तर रिकामे यंत्र फिरते, पण ओले कपडे घातले की मोटर नुसती गुणगुणते. कारागीर येतो, रिकामे यंत्र चालवून पाहतो आणि सर्व ठीक असल्याचे सांगून जातो. ज्या परिस्थितीत दोष प्रकट होतो, ती परिस्थिती निर्माण केल्याखेरीज घेतलेली परीक्षा व्यर्थ असते, हे यावरून शिकावे. मोटर गुणगुणत असेल तर वीज तत्काळ बंद करावी. न फिरणाऱ्या मोटरची वेष्टने थोड्याच वेळात जळतात. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहू शकतो, म्हणून त्याच्या टोकांना हात लावू नये.

उष्णतेतील दोष

पाणी तापवणाऱ्या यंत्रात २००० वॉटचा तापक असेल, तर २३० व्होल्ट दाबावर त्यातून सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह वाहतो व त्याचा रोध सुमारे २६.५ ओहम येतो. तापकाची तार धातूच्या नळीत असते आणि दोहोंमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड घट्ट भरलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही.

तापकाचा शत्रू म्हणजे कठीण पाणी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठिनता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा पुरवठा नसेल तेथे ६०० पर्यंत चालवून घेण्याजोगी मानली जाते. विंधनविहिरीच्या पाण्याची कठिनता ३०० मिलिग्रॅम आहे व एका धुण्यास ५० लिटर पाणी लागते असे धरले, तर प्रत्येक वेळी १५ ग्रॅम, आणि वर्षातून २०० धुण्यांना ३ किलोग्रॅम क्षार यंत्रातून जातात. त्यांतील थोडाच अंश मागे राहतो; पण तो नेमका तापकावर बसतो, कारण विरघळलेले बायकार्बोनेट तापवल्यावरच विघटन पावून खडूसारखा थर देते. थराखाली तापक अतितप्त होतो, नळीला तडा जातो, आणि पाण्याचा ओलावा पांढऱ्या पुडीत शिरतो. सायट्रिक आम्लाच्या पाण्याने थर काढता येतो. परंतु त्याच वेळी विरंजक द्रावण कधीही घालू नये, कारण आम्लाच्या संयोगाने त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो.

तडा गेलेल्या तापकाचा शोध हा तर्कशास्त्राचा सुंदर पाठ आहे. थंड पाण्याचे धुणे निर्विघ्न पार पडते. गरम पाण्याचे धुणे सुरू होऊन दहा मिनिटे झाली की घराचा गळतीरोधक स्विच खटकन पडतो. मल्टिमीटरने तापकाचा रोध मोजावा तर तो बरोबर २६ ओहम भरतो. यावरून तापक चांगला आहे असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे. तार अखंड आहे एवढेच त्या मापनाने सिद्ध होते. ती नळीपासून विलग आहे की नाही, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. इंग्लंडमधील तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ सालच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात जी व्यतिरेक पद्धती विशद केली, ती येथे कामी येते. यंत्र तेच, कपडे तेच, प्लग तोच; दोन प्रसंगांत भेद एकच, तो तापकाचा. मग जाणकार तापकाच्या तारा सोडवून त्यांची टोके सुरक्षितपणे झाकतो आणि तोच क्रम पुन्हा चालवतो. स्विच पडला नाही, तर अनुमान पक्के झाले. त्यानंतर ५०० व्होल्टच्या मेगर या उपकरणाने तार व नळी यांमधील विलगता मोजली की दोष आकड्यांतही दिसतो.

जो दोष यंत्राला थांबवत नाही

आतापर्यंतचे दोष कधी ना कधी स्वतःहून प्रकट होतात. सर्वांत भयंकर दोष मात्र यंत्राच्या कामात तिळमात्र व्यत्यय आणत नाही. तो म्हणजे तुटलेले किंवा दुर्बळ अर्थिंग.

तीन पिनांच्या प्लगमधील जाड व लांब पिन यंत्राच्या पत्र्याला जमिनीशी जोडते. ती लांब असते, कारण वीज आत येण्यापूर्वी हा जोड व्हावा आणि वीज तुटल्यानंतरच तो सुटावा. परंतु कपडे धुण्यासाठी या पिनेची गरजच नसते. ती कापून टाकली, जोडपट्टीत ती नुसतीच अडकलेली असली किंवा भिंतीतील तार गंजून तुटली, तरी कपडे पूर्वीइतकेच स्वच्छ निघतात. त्यानंतर तापकाला तडा जातो, किंवा तळाकडून शिरलेला उंदीर तारेचे वेष्टन कुरतडतो; आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली व्यक्ती पत्र्याला हात लावते.

येथे काही आकडे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. माणसाला सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह जाणवतो. १० च्या आसपास स्नायू आखडून हात सुटेनासा होतो. ३० च्या पुढील प्रवाह काही काळ वाहिल्यास हृदयाची लय बिघडू शकते. ओल्या शरीराचा रोध १५०० ओहम धरला, तर २३० व्होल्टला सुमारे १५० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. फ्यूज मात्र १६ अँपिअरचा, म्हणजे १६,००० मिलिअँपिअरचा! फ्यूज तारांना जळण्यापासून वाचवतो. अशा वेळी माणसाला तो वाचवू शकत नाही. ते काम अर्थिंगचे आणि ३० मिलिअँपिअरवर पडणाऱ्या गळतीरोधक स्विचचे आहे.

अर्थिंगची परीक्षा घेतानाही फसगत होते. फेज आणि अर्थ यांमध्ये मल्टिमीटर लावला, २३० व्होल्ट दिसले, की अर्थिंग उत्तम असे मानतात. पण मल्टिमीटर नाममात्र प्रवाह घेतो. वाटेत शेकडो ओहमचा गंजलेला जोड असला तरी तो २३० च दाखवील. समजा, अर्थिंगचा रोध २०० ओहम आहे. पत्र्याला फेज लागला तर प्रवाह २३० भागिले २००, म्हणजे सव्वा अँपिअरहूनही कमी वाहील. १६ अँपिअरचा फ्यूज हलणारही नाही, आणि पत्रा जवळजवळ पूर्ण दाबावर राहील. म्हणून ही परीक्षा परवानाधारक तंत्रज्ञाकडून अर्थिंगचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने करून घ्यावी. यंत्राची बाजू तपासणे त्यामानाने सोपे आहे : प्लग भिंतीतून काढून त्याची जाड पिन आणि यंत्राचा उघडा, रंगविरहित पत्रा यांमधील रोध मोजावा, तो १ ओहमपेक्षा कमी असावा.

पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटते, अशी तक्रार कित्येक घरांत ऐकू येते आणि रबरी चपला घालून तिची वाट लावली जाते. अनेक यंत्रांत विद्युत्गोंगाट गाळणारे लहान कपॅसिटर फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांमधून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्रा मुख्य दाबाच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास जातो. हा प्रवाह फार अल्प असतो. परंतु मुंग्या कपॅसिटरमुळे आल्या की फुटलेल्या तापकामुळे, हे हाताला कळत नाही; आणि पहिले कारण खरे असले तरी अर्थिंग नाही एवढे तर निश्चितच सिद्ध झाले. भिंतीवरील स्विच बंद करून प्लग काढणे आणि दोष सापडेपर्यंत यंत्र न वापरणे, हाच एक मार्ग होय.

अर्धस्वयंचलित यंत्रातही असाच एक मूक दोष असतो. पिळण्याच्या डब्याचे झाकण उघडताच वीज तुटून ब्रेक लागला पाहिजे. ब्रेकची तार सैल झाली तरी कपडे उत्तम पिळले जातात; फक्त झाकण उघडल्यावर डबा बराच वेळ फिरत राहतो, आणि घाईने घातलेला हात कपड्याच्या पिळात सापडतो. महिन्यातून एकदा झाकण उघडून डबा किती सेकंदांत थांबतो ते मोजावे व भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवावे. आकडा वाढू लागला की ब्रेक दुरुस्त करून घ्यावा.

दुरुस्तीची शिस्त

वरील विवेचनातून काही नियम आपोआप निघतात. यंत्र उघडण्यापूर्वी त्याच्याबाहेरील गोष्टी, म्हणजे नळ, नळी, प्लग आणि यंत्राचा समतोल तपासावा. खर्च न येणारी परीक्षा आधी व खर्चाची नंतर करावी. एका वेळी एकच बदल करावा; दोन भाग एकदम बदलल्यास यंत्र सुरू होईल, पण दोष कोणता होता हे कधीच कळणार नाही. जुना भाग का बिघडला हे कळल्याशिवाय नवा भाग बसवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्लग प्रत्यक्ष भिंतीतून काढल्यावाचून पेचकस हाती घेऊ नये. स्विच बंद असणे पुरेसे नाही, कारण चुकीच्या जोडणीत स्विच न्यूट्रल तोडतो व फेज यंत्रात तसाच राहतो. गाळण्या, नळ्या व जाळ्या स्वच्छ करणे घरच्यांनी करावे. तापक, मोटर, कपॅसिटर व अर्थिंग यांची कामे प्रशिक्षित तंत्रज्ञावर सोपवावी. मात्र तंत्रज्ञाला ‘यंत्र बिघडले’ एवढेच न सांगता, ते कोणत्या पायरीवर, किती मिनिटांनी, भरलेले असताना की रिकामे असताना थांबले, हे जो सांगू शकतो, त्याने निम्मी दुरुस्ती केलेलीच असते.

विचारासाठी प्रश्न

१. एका यंत्रात पिंप रिते असूनही दार उघडत नाही. पाणी मोजणाऱ्या नळीच्या संदर्भात याचे कारण सांगा.

२. पिळण्याचा वेग मिनिटाला १२०० ऐवजी ६०० फेऱ्या केल्यास असमतोल कपड्याची ओढ किती पट कमी होईल?

३. १५०० वॉटच्या तापकाचा २३० व्होल्टला रोध किती असावा? तो बरोबर भरल्यास तापक निर्दोष ठरतो काय?

४. आपल्या घरातील कोणत्या उपकरणाचे काम अर्थिंग तुटले तरी पूर्ववत चालू राहील? ते तुटलेले नाही हे कसे ठरवाल?